मी डोलकाठीतली दोरी बोलतेय

मी एक दोरी आहे. पांढरी, नायलॉनची, बुटाच्या नाडीपेक्षा जरा जाड. दोरी म्हटली की लोकांना ती धीराची वाटते, कारण तिला धरून माणसं विहिरीत उतरतात. माझं तसं नाही. मी भित्री आहे, आणि माझी गोष्टही भीतीचीच आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. कळायला लागलं तेव्हा मी इंदूरला, मल्हारगंजातल्या एका अरुंद दुकानात रिळावर गुंडाळलेली होते. माझ्या काही बहिणी पडद्यांना गेल्या, काही पाळण्यांना. मलाही असंच एखादं घरगुती काम मिळेल, अशी माझी आशा होती.

एक दिवस पंचशील नावाचे गृहस्थ आले. साठी उलटलेले, ताठ. महूच्या लष्करी वर्कशॉपात रेडिओ दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. त्यांनी मला दोन्ही हातांनी ताणून पाहिलं, एकदा नाही, चारदा.

"होडीच्या खांबातून केबल ओढायची आहे. तीस मीटर द्या."

दुकानदार हसला. "भिया, इंदौर में समंदर कब से आ गया?"

पंचशील हसले नाहीत. समंदर ऐकून पाळण्याची आशा मी तिथेच सोडली.

होडी इंदूरबाहेर, सिमरोलजवळच्या एका शेडमध्ये होती. ती त्यांच्या मुलीची, संबोधीची. शिडाची होडी ट्रकवर घालून समुद्रापासून इतक्या लांब आणायची म्हणजे वेडेपणाच, पण दुरुस्त करणारा बाप इथे होता. मागच्या वर्षी संबोधी रत्नागिरीपुढे समुद्रात असताना तिचा संपर्काचा रेडिओ मुका झाला. अँटेना डोलकाठीच्या, म्हणजे शीड उभारायच्या उंच पोकळ खांबाच्या, टोकावर, आणि तिथवर जाणारी केबल आतून सडलेली. एकोणीस तास पोर कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग ती आपली आपण बंदराला लागली, हसत. पंचशीलांच्या बोटांतून मात्र ते तास गेले नाहीत. मला हातात घेतलं की आधी ती चारदा ताणून बघायची.

आता ती गोव्याहून कोचीला निघणार होती, एकटी. होडी न्यायला ट्रक त्याच दुपारी यायचा होता.

डोलकाठी उतरवून लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली होती. पंचशीलांनी मला जुन्या केबलच्या शेपटाला बांधलं. केबल टोकाकडून बाहेर निघाली तशी मी बुडाकडून आत शिरले. काय तो अंधार! कुठे स्क्रूची टोकं, कुठे गंजका पत्रा, आणि मध्यावर तर एक आडवा बोल्ट, त्याच्या कडेने जेमतेम वाट. बाहेर आले तेव्हा अंगात जीव नव्हता.

मग माझ्या मधोमध नव्या केबलचं टोक बांधलं. माझ्या पुढच्या भागाने केबल ओढायची, मागचा भाग तिच्याबरोबर आत येऊन पुढच्या दुरुस्तीसाठी तिथेच राहायचा. सांध्यावर संबोधीने टेप गुंडाळली. "बाबा, एकदम स्मूद पाहिजे हं. जरा जाड झालं ना, की अटकेल."

बापलेक हात धुवायला नळावर गेले. संबोधीची आई, कौसल्याबाई, पोह्यांचा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि कमरेच्या पिशवीतून पांढरं सूत काढलं. पौर्णिमेला बुद्धविहारात परित्राण पाठ, म्हणजे रक्षणासाठीचं सूत्रपठण, झाला, तिथलं. असं सूत मनगटाला बांधतात, पण पाठाच्या दिवशी संबोधी कामावर होती, आणि घरी बांधावं तर पंचशील कडाडणार, "आपल्यात गंडेदोरे चालत नाहीत!" म्हणून त्यांनी ते माझ्या सांध्यावर गुंडाळलं आणि गाठीवर गाठ मारली. पांढऱ्या टेपवर पांढरं सूत, परतल्यावर कुणाच्या नजरेत आलं नाही.

"लेकराला सांभाळ गं," त्या पुटपुटल्या. सांभाळायला सांगितलं ते नेमकं मला!

ओढणं सुरू झालं. पंचशील टोकाशी, संबोधी बुडाशी. अर्ध्यावर, त्या बोल्टापाशी, मी अडकले.

पंचशीलांनी हिसका दिला. माझा एक पदर तुटला. दुसरा हिसका, दुसरा पदर. आत अंधारात मी स्वतःला तुटताना ऐकत होते. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला.

"बाबा, जबरदस्ती नका करू! टूटली तर पूर्ण खांब खोलावा लागेल." मग संबोधी म्हणाली, "राहू द्या. हातातला छोटा रेडिओ आहे ना, त्याच्यावर निभावून नेते."

"तो चार-पाच मैलांच्या पुढे बोलत नाही!"

"मग चार-पाच मैल. मौसम बिघडायच्या आत निघावंच लागेल, बाबा."

ते ऐकून पंचशीलांनी पाय रोवले आणि मला हाताला दोन वेढे घातले. रागावून नव्हे. माणूस घाबरला की आणखी जोर लावतो, हे मला त्या दिवशी कळलं. आता मी जाणार होते, आणि माझ्याबरोबर पोरीचा आवाज.

"अहो, थांबा!" कौसल्याबाईंचा आवाज फाटला. "रुका जरा. मी सूत बांधलंय त्याला. परित्राणाचं. माझ्यामुळे अटकलंय."

पंचशीलांनी वेढे सोडले. संबोधीने केबल उलटी, हळूहळू मागे घेतली, आणि मी बुडाशी उजेडात आले. गाठी फुगलेल्या, अंग पिंजलेलं.

"काप ते," कौसल्याबाई रडत म्हणाल्या.

पंचशीलांनी कात्री घेतली. गाठी कापल्या, टेप काढली, सांधा पुन्हा घट्ट केला. मग ते सूत त्यांनी फेकलं नाही. बोटांनी सरळ केलं, माझ्या अंगाशी लांब, सपाट धरलं आणि वरून नवी टेप गुंडाळली.

"गाठ नको फक्त," ते बायकोकडे न बघता म्हणाले. "भीती मलाही वाटते, कौसल्या."

या वेळी मी निघाले. पिंजलेला पुढचा तुकडा टोकाशी कापून टाकला, ते सूत सांध्यातच राहिलं आणि मी डोलकाठीत राहिले.

आता मी समुद्रावर आहे. वारा सुटला की आत आपटत राहते आणि प्रत्येक वेळी वाटतं, संपलं. परवा सकाळी दाट धुकं होतं. एक मालवाहू जहाज सरळ आमच्या अंगावर येत होतं. संबोधी रेडिओवर ओरडली. उत्तर नाही. पुन्हा ओरडली. चौथ्या हाकेला कुणीतरी "ओके, मॅडम" म्हणालं आणि तो लोखंडी डोंगर इतक्या जवळून वळला, की त्याच्या लाटेनं आम्ही आडव्या झालो.

त्यानंतर ती डोलकाठीला पाठ लावून बसली. तिचं थरथरणं माझ्यापर्यंत वर येत होतं. बऱ्याच वेळाने तिने फोन काढून पाहिला. रेंज आली होती. घरी लावला आणि म्हणाली, "एकदम मस्त चाललंय, बाबा."

म्हणून तुम्हाला एक विनंती. कधी इंदूरला पंचशील भेटले, तर त्यांना सांगा, केबल चांगली चालते, चौथ्या हाकेला आवाज पोचला. नाही, चौथ्या म्हणू नका. पोचला, एवढंच सांगा.