बोटापुरतं ग्रीस

मित्रांनो, मी ट्रकच्या पोटाखालचा एक जुना क्रॉस आहे. बाळकुमच्या एका ट्रक पार्किंगमध्ये, फाटकाजवळच्या भंगाराच्या डब्यात पडलेला असतो. माझा एक हात मोडलाय. हळहळू नका, त्याचा मला काही उपयोग नाही.

ट्रकचं इंजिन पुढे आणि ट्रक ढकलणारी चाकं मागे. इंजिनाचा जोर मागे नेतो एक लांब लोखंडी दांडा. खड्ड्यात ट्रक उसळला की त्या दांड्याला लवावं लागतं, म्हणून त्याच्या टोकाला अधिकच्या चिन्हासारखा मी असतो. माझ्या चार हातांवर चार टोप्या, टोप्यांत सुयांसारखे बारीक रोलर आणि त्यांच्यात ग्रीस. ते आमचं जेवण.

माझ्या मालकीण केशरबाई. त्यांचा पहिला ड्रायव्हर कुंडलिक मला पोटभर जेवू घालायचा. ट्रकखाली पाठीवर सरपटत यायचा, ग्रीसगन लावायचा आणि चारही टोप्यांतून जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन मागून नवं दिसेपर्यंत दाबत राहायचा. एखादी टोपी कोरडी राहिली तर तिला शिव्या घालायचा. त्या शिव्या मला फार गोड वाटत.

केशरबाईंचे गुडघे दुखत. म्हणून त्या ट्रकच्या कडेला वाकून, हात लांब करून मला नुसतं बोट लावत. बोट ओलं झालं की म्हणत, "चला, जेवलं लेकरू."

कुंडलिक थकून गावी गेला आणि राकेश आला. माणूस वाईट नव्हता, नुकतं लग्न झालेलं. एकदा डबा द्यायला आलेली त्याची बायको पायल म्हणाली, "अरे, हाताला किती वास येतो तुझ्या! शर्ट बघ काय झालाय." तो ओशाळला. त्यानंतर ट्रकखाली येणं त्याने सोडलंच. बाई बोट लावतात हे त्याला ठाऊक होतं. मग तोही ग्रीसच्या डब्यात एकच बोट बुडवायचा, मला वरून फासायचा आणि बोट पुसून टाकायचा.

"राकेश, ग्रीस मारलंस का रे?"

"हो ना बाई, आत्ताच. बघा हात लावून."

बाई बघायच्या. ओलं असायचं. बाहेरून लोणी फासलेला मी आतून उपाशी होतो. आधी मी चीं चीं केली. राकेशने गाण्याचा आवाज वाढवला. मग गिअर टाकताना टणटण वाजलो. तो म्हणाला, "जुनी गाडी आहे, वाजणारच." माझ्या आत सुयांचा चुरा झाला होता.

कल्याणच्या अलीकडे एका पुलाच्या चढावर, लाद्या भरलेल्या असताना, माझा हात तुटला. दांडा खाली पडून गरागरा फिरला आणि ब्रेकचा पाइप तोडून गेला. ट्रक मागे सरकू लागला. मागे माणसांनी भरलेली रिक्षा होती. राकेशने उडी मारली आणि मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा सारला. ठोकळा निसटला. त्याने तो पुन्हा सारला. या वेळी ट्रक थांबला, पण ठोकळ्यासोबत त्याचा उजवा हातही चाकाखाली होता.

रिक्षातली माणसं वाचली. हात मनगटापासून काढावा लागला.

केशरबाई सगळ्यांना सांगत सुटल्या, "क्रॉसच डुप्लिकेट निघाला मेला! मी स्वतः बोट लावून बघितलेलं, ओला होता. पोराची काय चूक?" मला भंगाराच्या डब्यात भिरकावलं आणि राकेशला फाटकावर वॉचमन म्हणून ठेवलं. ग्रीस नुसतं वरून फासल्याचं त्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर फाटकावरची नोकरीही गेली असती.

पायल डबा आणते. आता त्याच्या हाताला वास येत नाही.

ट्रकला माझ्या जागी नवा क्रॉस बसलाय आणि नयन नावाचा नवा ड्रायव्हर आलाय. हसरा आहे, शर्ट कडक इस्त्रीचा. त्याने पहिल्याच आठवड्यात बाईंचं बोट पाहिलं आणि दुसऱ्या आठवड्यात ग्रीसच्या डब्यात स्वतःचं बोट बुडवलं. राकेश फाटकाजवळच्या खुर्चीवरून बघत होता.

मित्रांनो, कुणी जेवला का हे त्याच्या ओठांना बोट लावून ठरवू नका. पाठीवर झोपा, खाली या, चारही टोप्या बघा. कपडे धुता येतात. हे मी तुम्हाला सांगतोय, कारण ज्याने सांगायला हवं तो गप्प आहे.

आज सकाळी ट्रक फाटकाशी आला तेव्हा पोटाखालून चीं चीं आली. ती मी ओळखली. राकेशनेही ओळखली, त्याची मान झटकन वळली.

"काय राकेशभाऊ, उघडा ना!" नयन हसत म्हणाला.

राकेशने ओट्यावर बसलेल्या केशरबाईंकडे पाहिलं. मग डाव्या हाताने फाटक उघडलं.