लहान मुलं नसलेलं जहाज

"या जहाजावर अठराच्या खालचं कुणी नाही, ताई. फक्त मोठी माणसं, बहुतेक जोडपीच. एकदम शांतता," सहलींच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली आणि तिने स्क्रीन आमच्याकडे वळवली.

शांतता! आमच्या घरात ती एवढी आहे की शेजाऱ्यांना उसनी द्यावी. पण नवऱ्याने जोरात मान डोलावली. मध्यंतरी एका हॉटेलात जेवताना शेजारच्या टेबलावरच्या बाळाने माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या आणि मी भरल्या ताटावरून उठून गेले. तेव्हापासून त्याने ठरवून टाकलं, जायचं ते लेकरं नसतील तिथेच. माझी नणंदही त्याच्या मागे लागली होती, "घेऊन जा रे हिला कुठेतरी, तुम्हा दोघांची तोंडं बघवत नाहीत."

आमचं पहिलं बाळ पोटातच गेलं. त्याआधी आम्ही खोली रंगवली होती, पाळणा आणला होता, सगळ्या गोतावळ्यात गाजावाजा केला होता. त्यानंतर घरात न बोलता एक नियम झाला. चांगलं काही असलं तर तोंडातून काढायचं नाही, पुढचं काही धरून चालायचं नाही. ही सहल म्हणजे आम्ही दोघांनी त्यानंतर प्रथमच ठरवलेली पुढची गोष्ट. मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते, असला खुळेपणा मला शोभत नाही. पण भीतीला कोण समजावणार?

आणि आता मला पुन्हा दिवस गेले होते. चौथा महिना लागत आला तरी नवऱ्याला सांगितलं नव्हतं. सांगितलं की तो हसणार, आणि तो हसला की ते जाणार, असंच मला वाटत होतं.

"बाल्कनीवाली खोली घेऊ," तो म्हणाला. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तो, अर्धा जन्म अंधाऱ्या खड्ड्यात गेलेला. "सकाळी नुसतं पाण्याकडे बघत बसायचं. तू बोल की काहीतरी. उलट्या होतील म्हणून घाबरतेस का?"

"छे," मी म्हणाले. सकाळीच नळ मोठा सोडून ओकून आले होते.

"मध्ये काही दिवस बंदर लागत नाही," मुलगी म्हणाली, "पण जहाजावर दवाखाना आहे. किरकोळ दुखणी बघतात."

किरकोळ. मागच्या वेळी हॉस्पिटल आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतं, तरी आम्हाला उशीर झाला होता. इथे चारी बाजूंनी पाणी. मी खुर्चीची कड घट्ट धरली.

"थोडे प्रश्न, सगळ्यांनाच विचारते हं. हृदयाचा त्रास? ऑपरेशन? आणि ताई, तुम्ही गरोदर वगैरे नाही ना?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला बोलावं लागू नये म्हणून घाईघाईने तोच म्हणाला, "नाही हो, तसलं काही नाही."

बापानेच पोटातल्या जिवाला सांगितलं होतं, तू नाहीस म्हणून. त्याने ऐकलं असेल तर?

"आहे," मी म्हणाले. "आहे मी."

"अय्या! अभिनंदन!" मुलगी एवढ्या मोठ्याने ओरडली की पलीकडच्या टेबलावरची माणसं वळली. तिच्या तोंडावर हात दाबावासा वाटला मला.

नवरा हसला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बरी आहेस ना?" एवढंच त्याने विचारलं.

"मग आत्ता नकोच, ताई," मुलगी आपल्याच उत्साहात होती. "पुढच्या वर्षीचं बघू या? पण हे जहाज नाही चालणार, बाळांना घेणारं बघावं लागेल. किती जण धरू?"

नको बोलूस, मी डोळ्यांनी त्याला विनवलं. त्यालाही तेच वाटत होतं, मला दिसत होतं. तो स्क्रीनकडे वळला.

"तीन," तो म्हणाला. "तीन धरा."

मी त्याचा हात पकडला. दोघांचेही तळवे घामाने भिजले होते. मुलीने आकडा टाकला, आणि आम्ही तिला थांबवलं नाही.