एकदाच विचारलेलं कापड

मित्रांनो, मी एक जुनी मेणलेखणी आहे, आणि आज मी रागावून बोलणार आहे. गोड गोष्टी दुसऱ्या कुणाकडून ऐका.

जावाच्या उत्तर किनाऱ्यावर, तुबानच्या मागे, ताडांच्या रांगा संपून सागाचं रान लागतं तिथे आमचं गाव. तिथल्या तांबटाने करंगळीच्या पेराएवढी वाटी ठोकली, तिला बारीक चोच जोडली आणि मागे बांबूची मूठ बसवली. ती मी. माझ्या वाटीत तापलेलं मेण घ्यायचं आणि चोचीने कापडावर नक्षी ओढायची. मेण असतं तिथे रंग चढत नाही. शेवटी कापड उकळलं की मेण सुटतं आणि नक्षी उमटून येते. याला आमच्याकडे बातिक म्हणतात.

मला रसिनीच्या सासूने तिच्या हाती दिलं. पुढे तिला सगळं गाव म्बाह रसिनी, म्हणजे रसिनीआजी, म्हणू लागलं. दर बुडीला ती माझ्या चोचीत हलकी फुंकर घालायची, पहिला थेंब भलतीकडे पडू नये म्हणून. साठ वर्षं मी त्या फुंकरीवर जगले. बाजारात तिच्या लुंग्यांचं कौतुक व्हायचं. बायका म्हणायच्या, रसिनीची रेघ डोळे मिटून बोटाने चाचपली तरी ओळखू येते.

पण एक कापड तिचं स्वतःचं होतं. आमच्या गावात प्रत्येक बाई आपल्या शेवटच्या दिवशी अंगावर घालायचं कापड स्वतः करते. सूत आपलं, विणणं आपलं, रेघही आपलीच. म्बाह ते फक्त सोमवारी आणि गुरुवारी लिहायची, कडक उपास धरून. त्या दिवशी तोंडून एक वाकडा शब्द गेला, मनात राग आला, तर मला हात लावायची नाही. अकरा वर्षं लागली. मग निळीत बुडवून, वाळवून, वाळ्याच्या मुळ्यांत घडी करून तिने ते पेटीत ठेवलं आणि निश्चिंत झाली.

मग प्रमेस्ती आली. जकार्तात कपड्यांची डिझायनर होती, पण आजी आमच्याच भागातली, म्हणून वडीलधाऱ्यांशी बोलायची मवाळ बोली तिला थोडी येत होती. चटईवर बसली, पुढ्यात आलं ते खाल्लं. जुन्या हातांची कला जगापुढे न्यायची आहे, असं मनापासून सांगत होती. खरं सांगते, मला ती आवडली होती. ती मला उचलून चोचीत डोकावू लागली, तेव्हा म्बाहची मुलगी वार्सिती म्हणाली, "ताई, नाकावर बातिक करून घ्यायचंय का? मेण गरम आहे अजून." सगळे हसले.

हसण्याच्या भरात म्बाहने पेटी उघडली. प्रमेस्ती त्या कापडाकडे बघतच राहिली. महिनाभर नेऊ का, नक्षी उतरवून परत देते, असं तिने विचारलं. म्बाह म्हणाली, "हो."

आमच्याकडे पाहुण्याला कुणी नाही म्हणत नाही. पहिला हो पाहुण्याच्या मानाचा, दुसरा आपल्या रीतीचा. तिसऱ्यांदा विचारल्यावर येतो तो खरा. शेजारचा आंबा तोडायचा तरी आमची पोरं तीनदा विचारतात. प्रमेस्तीच्या आजीला हे नक्की माहीत असणार. नातीपर्यंत ते पोचलं नाही. तिने एकदाच विचारलं आणि कापड पिशवीत घातलं.

ती गेल्यावर वार्सितीने स्वयंपाकघरात डाव आपटला. "आई, तू हो का म्हणालीस?"

"ती परत विचारेल असं वाटलं गं," म्बाह म्हणाली.

चार महिने गेले. एक दिवस वार्सितीने फोन आईपुढे धरला. झगमगत्या दालनात एक मुलगी चालत होती आणि तिच्या अंगावर आखूड कोट होता. नक्षीची नक्कल नव्हती ती. म्हातारीचं कापडच कापलं होतं. काठ कोपरावर आला होता आणि पायाकडचा पक्षी गळ्याशी. खाली लिहिलं होतं, पारंपरिक कलेची प्रेरणा. म्बाहचं नाव कुठेच नव्हतं.

प्रेरणा म्हणे! शेजारच्या चुलीतला निखारा नेतानाही माणूस कुणाच्या घरून आणला ते सांगतो.

म्बाहने एवढंच विचारलं, "उरलेले तुकडे ठेवलेत का तिने?" मनात राग होता म्हणून तिने चाळीस दिवस मला हात लावला नाही. माझ्या चोचीत मेण गोठलं. तिचा खोकला वाढला, ती अंथरुणाला खिळली. आता तिच्याजवळ अकरा वर्षं नव्हती. वार्सिती म्हणाली, माझं कापड घे. पण दुसरीच्या रेघेखाली कसं जायचं?

शेवटी वार्सितीने फोन लावला. आवाज न चढवता ते कापड कशासाठी होतं तेवढं सांगितलं. तिसऱ्या दिवशी प्रमेस्ती दारात उभी राहिली. हातात तो कोट, पिशवीत तुकडे आणि एक भारी रेशमी कापड. मला कुणी सांगितलं नाही, असं ती रडत म्हणत होती. मग ते रेशीम पुढे करून तिने विचारलं, "म्बाह, हे घ्याल?"

"नाही."

साठ वर्षांत हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. प्रमेस्तीने पुन्हा विचारलं. मग पुन्हा.

"तिसऱ्यांदा विचारलंस, बरं केलंस पोरी," म्बाह म्हणाली. "तरी नाही. बस इथे आणि शिवण उसव."

दुपारच्या नमाजापर्यंत प्रमेस्ती उसवत होती. वार्सिती तुकडे जोडत होती. खिशापाशी तळहाताएवढा तुकडा कमी पडला, तिथे घरचंच कोरं सूती कापड लावलं. गुरुवारी म्बाहने मला मागितलं. आजाऱ्याला उपास माफ असतो हे सगळ्यांनी सांगून पाहिलं, तिने ऐकलं नाही. फुंकर माझ्यापर्यंत जेमतेम पोचली. कोऱ्या तुकड्यावर रेघ निघाली, पण शिवणीवर मी अडखळले आणि मेणाचा मोठा थेंब पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"राहू दे," ती म्हणाली. "इथे कापलं होतं, ते दिसू दे."

वार्सितीने तो तुकडा निळीत रंगवला. नवव्या दिवशी म्बाह गेली. ते कापड तिच्या अंगावर घातलं, तो डाग छातीवर आला. मागच्या अंगणात प्रमेस्ती बायकांबरोबर ताटं घासत होती. तिला कुणी जा म्हटलं नाही, आणि कुणी जेव म्हटलं नाही.

मित्रांनो, माझी समजूत काढू नका. सुंदर वस्तू दिसली की हात पुढे जातो, तो जरा मागे घ्या. समोरचं म्हातारं माणूस हो म्हणताना कुठे बघतंय ते बघा. आणि नक्षी नेलीत, तर नावही न्या. तिचं नाव रसिनी होतं.