शववाहिकेची ट्रायल

मिस्त्रीनं गाडीखालून हात बाहेर काढला आणि म्हणाला, "बावीसचा पाना दे."

धाकट्यानं दिला. तो चोवीसचा निघाला.

"डोळे आहेत का बटणं लावलीत?" गाडीखालून आवाज आला.

"मी मालक आहे दादा. पाने ओळखायला मिस्त्री ठेवलाय."

"ठेवलेला नाहीये मी. भाऊ आहे तुझा. बावीसचा दे."

गाडी म्हणजे धाकट्याची शववाहिका. जुनी मिनीबस कापून त्यानं ती लांब केली होती. दोन्ही बाजूंनी जाड काचा, मागं थंड करायचं मशीन, नातेवाइकांना बसायला सागवानी बाक. नटवायची तेवढी नटवली, पण वजनानं गाडीचं बूड जमिनीला टेकायला आलं. स्प्रिंगचे जुने पाटे पार सपाट झाले. खड्डा आला की दाणकन आवाज व्हायचा, अन् रडणारी माणसं रडायची थांबून दांड्या धरायची.

असल्या धेडगुजरी गाडीला बाजारातलं तयार सामान बसत नाही. मिस्त्रीनं स्वतः पत्रे कापले, चॅसीला जाड ब्रॅकेटं वेल्ड केली आणि पाट्यांच्या जागी ट्रकचे रबरी फुगे बसवले, हवेचे. बटण दाबलं की मागची बाजू वर उचलायची, हवा सोडली की म्हशीसारखी खाली बसायची. शेजारचा टायरवाला येऊन बघून गेला.

"मिस्त्री, एवढं लाडाचं काम कोणासाठी? ह्या गाडीतलं गिऱ्हाईक कधी तक्रार करायला परत आलंय का?"

सगळे हसले. मिस्त्री हसला नाही. त्यानं वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढून घेतली.

मिस्त्रीच्या घरी आई खुब्याचं हाड मोडून पडली होती. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन करायचं ठरलं, ॲम्ब्युलन्सही आणली. पण गावाबाहेरच्या खड्ड्यांत म्हातारीनं असा टाहो फोडला की गाडी वळवून घरी आणावी लागली. "मेले तरी त्या डब्यात पाय ठेवणार नाही," असं तिनं सांगून टाकलं. म्हातारी एकदा बोलली की बोलली. तेव्हापासून ती छताकडं बघत पडली होती आणि पाठ सोलवटायला लागली होती. डॉक्टर म्हणाले होते, उशीर करू नका.

तेव्हा धाकटाच आला होता, आपणहून. "दादा, माझ्या गाडीला असं सस्पेन्शन बसव की पाण्याचा पेला डचमळायला नको. पहिली फेरी आईची. आडवी झोपवून थेट ऑपरेशनला. शकुन-अपशकुन गेले खड्ड्यात."

आईच्या नावानं हा कधी एक पाऊल चालला नव्हता. मिस्त्रीला वाटलं, उशिरा का होईना, पोराला पाझर फुटला. त्यानं बाकीच्या गाड्या बाजूला लावल्या आणि ह्याच गाडीखाली अंथरूण घातल्यासारखा राहिला.

काम उरकलं. वाळूची पोती टाकून एक चक्कर झाली. पण पोत्याला विचारणार काय, कुठं दुखलं म्हणून? मागं जिवंत माणूस झोपायला पाहिजे होतं. टायरवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "जायचंच आहे एक दिवस, घाई कशाला?" आणि सटकला.

"सरका," मिस्त्री म्हणाला आणि स्वतःच प्रेत ठेवायच्या ट्रेवर आडवा झाला. "चल, त्या खड्ड्यांवरनंच घे."

धाकट्यानं दार लावलं. गाडी निघाली.

मिस्त्रीनं डोळे मिटले आणि सगळा जीव कमरेत आणून ठेवला. पहिला खड्डा आला. गाडी नुसती श्वास घेतल्यासारखी वर झाली आणि खाली आली. दुसरा, तिसरा. कुठं ठणका नाही की धक्का नाही. आई झोपून जाईल ह्यात, त्याच्या मनात आलं, आणि तो एकटाच हसला.

पुढं धाकट्याचा फोन वाजला. त्यानं तो स्पीकरवर टाकला. मधली सरकती काच उघडीच होती. पण धाकट्याला सवयच तशी. त्याच्या पाठीमागं झोपलेल्यानं आजवर काही ऐकलं नव्हतं.

"अहो, झाली का गाडी?" बायकोचा आवाज.

"लोण्यासारखी चाललीय."

"मग आईंना कधी न्यायचं? मोठे भाऊजी विचारत होते."

"कुठं न्यायचंय? ह्या वयात टेबलावरच जायची. आणि गाडीत एकदा जिवंत माणूस घातला की लोक उद्या बाळंतिणीला न्यायला बोलावतील."

"पण तुम्ही तर शब्द दिलाय त्यांना."

"पहिली फेरी तिचीच म्हणालो ना? तिचीच करू. फुलांनी मढवून. महिना-दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. चार लोक बघतील, पोरानं आईला कसं नेलं ते."

"अन् भाऊजी?"

"आईचं नाव घेतलं नसतं तर त्यानं गाडीला हात तरी लावला असता का?"

मिस्त्रीनं ट्रेच्या कडा धरल्या. रस्ता सपाट होता तरी.

धाकट्यानं स्वतःच्या ऑफिसपुढं गाडी थांबवली, मागचं दार उघडलं आणि दचकला. मागच्या माणसाचे डोळे उघडे बघायची त्याला सवय नव्हती.

"काय दादा? बोल ना. बसला का कुठं धक्का?"

मिस्त्री सावकाश खाली उतरला. कपडे झटकले. एकदा भावाच्या तोंडाकडं बघितलं.

"डाव्या फुग्यातनं हवा जातेय," तो म्हणाला. "शेडवर नेऊन बघतो. किल्ली दे."

"मी येऊ?"

"तू येऊन काय करणार? पाने ओळखत नाहीस."

धाकटा हसला आणि किल्ली दिली.

गाडी शेडवर गेलीच नाही. मिस्त्रीनं ती घराच्या दाराशी उलटी लावली आणि हवा सोडली. गाडीचं बूड खाली येत येत उंबऱ्याला लागलं. बायकोला त्यानं एवढंच सांगितलं, "गादी घाल. दवाखान्याची कागदं घे." बायकोनं गाडीकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, आणि गादी उचलली. दोघांनी म्हातारीला फळीवरून अलगद आत सरकवलं.

म्हातारीनं काचा बघितल्या, बाक बघितला. गाडी कसली ते तिला कळलं.

"धाकट्याची गाडी ना रे ही?"

"हं."

"त्यानं दिली? माझ्यासाठी?"

मिस्त्री तिच्या कमरेखाली उशी सरकवत होता. उशी नीट बसेना. त्यानं ती काढून पुन्हा बसवली.

"हो," तो म्हणाला. "त्यानंच दिली."

म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी थेट कानाकडं वाहायला लागलं.

"बघ. आणि तू जन्मभर त्याच्या नावानं बोटं मोडलीस. शिक जरा त्याच्याकडनं."

"शिकतो," मिस्त्री म्हणाला, आणि दार लावून घेतलं.