पाण्याचा गडू

तनुजा पिशोर गावची. शहरात समाजकार्य शिकायला आलेली, अन् शिकता शिकता पडेगावच्या एका वस्तीत घरोघर फिरणारी. कॉलेजनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, वस्तीत कुणाकडचं काही घ्यायचं नाही. तनुजानं ते गाठीशी बांधलं.

जमिलाखालाच्या घरी ती तिसऱ्यांदा निघाली होती. खालाची नात नौशीन दहावी पास झालेली. शहागंजच्या कॉलेजात प्रवेशाचा उद्या शेवटचा दिवस. बाप ट्रकवर, घरात शब्द दादीचा, म्हणजे खालाचाच. अन् दादी हूं की चूं करत नव्हती.

आज तर दारच अर्धं लोटलेलं. नौशीन बाहेर आली, हळूच म्हणाली, "दीदी, दादी म्हणती, दोनदा चहा ठेवला, दोनदा नाय म्हणली. आपल्या घरचं चालत नाय तिला. मग आपली पोर तिच्या भरवशावर कशाला धाडायची?"

आई शेंगा फोडताना गुणगुणायची ते तनुजाच्या कानात आलं:

पाव्हणा आला दारी, देते पाण्याचा गडू,
पाणी न घेता गेला, जीव लागला रडू.

तिनं चप्पल काढली, सरळ चुलीपाशी जाऊन बसली.

"खाला, लई भूक लागली. भाकरी हाय का?"

जमिलाखालानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आज चालती व्हय आमची?"

"चुकलं माझं. कॉलेजचा नियम होता."

"नियम करणाऱ्याचं पोट भरलेलं असंल," खाला म्हणाली. पण तव्यावर भाकरी टाकली, वर अंबाडीची भाजी वाढली, वर मिरचीचा ठेचा. तनुजाच्या डोळ्यांतून पाणी आलं तशी खाला पहिल्यांदा हसली. "पिशोरची म्हणं! ठेचा सोसंना!"

दुसरी भाकरी ताटात पडली तेव्हा खालाच्या मनातलंही बाहेर पडलं. "पोर कधी एकटी गेली नाय गं. शहागंज म्हंजी गर्दीचा बाजार. जीव ऱ्हात नाय माझा."

"मग तुम्ही या की संगं. रस्ता बघा, कॉलेज बघा. नाय पटलं तर घेऊन या माघारी."

खालानं पाण्याचा गडू भरून पुढं केला. तनुजानं तो घटाघटा रिकामा केला.

सकाळी तनुजा बस स्टॉपवर पोचली, तर बुरखा घालून जमिलाखाला आधीच उभी. एका हातात नौशीनचा हात, दुसऱ्यात फडक्यात बांधलेल्या भाकरी.

"तुझ्या त्या नियमवाल्या मास्तरांनाबी घेतल्यात," खाला म्हणाली. "बघू, नाय म्हणत्यात का!"