पेटीतलं पेटीत

पोरांना ठसे शिकवायचे तर त्यांच्या घरात काय काय आहे ते बघावं लागतं, आणि एकदा बघितलं की न बघितल्यासारखं करता येत नाही. हे बाईंना आधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी गाणीच शिकवली असती.

शाळा म्हणजे काही शाळा नव्हे. चादरी धुण्याच्या कारखान्याची मागची खोली. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी तिथे गठ्ठ्यांनी यायच्या, उकळायच्या, पिळायच्या, कडक इस्त्री होऊन परत जायच्या. बायका पुढे राबायच्या आणि त्यांची चार-पाच वर्षांची पिल्लं मागे बाईंच्या ताब्यात. भिंतीपलीकडे बॉयलर, त्यामुळे खोली कायम तापलेली. ब्लीचचा वास एवढा की नवीन पोर आलं की डोळे चोळत रडायचं. मग हळूहळू त्याला तो वास येईनासा व्हायचा. सवय होते म्हणतात माणसाला. सवय होते म्हणूनच तर सगळी घाण टिकते.

कागद नव्हता, पण फाटक्या चादरी हव्या तेवढ्या. बाईंनी त्यातलीच एक मधोमध अंथरली, ताटलीत स्पंज ठेवून त्यावर रंग ओतला आणि पोरांना ठसे शिकवले. आधी कापलेली भेंडी, तिचं फूल उमटतं. मग बटाट्याची फोड, दोऱ्याचं रिकामं रीळ, बाटलीचं झाकण, चपलेचा तळ. "दाबा, थांबा, उचला," बाई म्हणायच्या. "घासायचं नाही. घासलं की चिखल." एक ठसा म्हणजे डाग, त्याच्या शेजारी तोच ठसा पुन्हा पुन्हा मारला की नक्षी. पोरांना हे कळायला वेळ लागला नाही. मोठ्यांना अजून कळायचं होतं.

दुपारी खेळ. बाई कपाटाआड जाऊन ठसा मारायच्या, कापड वर धरायच्या. "ओळखा." बरोबर ओळखलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. या खेळात बोबडी सगळ्यांची आजी. बोलताना तिची जीभ अडखळायची, पण डोळे सुईसारखे. झाकणं दोन असली तर कुठलं झाकण कुणाच्या घरचं हेसुद्धा सांगायची.

घरून एकेक वस्तू आणायची आणि ती पेटीत टाकायची, असं ठरलं होतं. पेटीचा नियम एकच : पेटीतलं पेटीत. चादर पुरी होईपर्यंत कुणाला काही परत मिळणार नाही. एका पोराने घरातला एकुलता एक कंगवा आणला तेव्हा त्याची आई, पिळणीवरची, केस मोकळे सोडूनच दारात आली होती. "बाई, कंगवा द्या हो. भुतीण झालेय माझी."

"चादर होऊ दे. तोवर बोटांनी विंचरा."

"बोटांनी पिळणी चालवू की केस विंचरू?"

हसं झालं, पण कंगवा मिळाला नाही. गोष्ट कारखानाभर फिरली. शाळेची बाई लई खमकी, तिच्या पेटीत गेलं ते गेलं. बाईंनाही ते ऐकून बरं वाटलं होतं. खमकेपणा दाखवायला भुतीण झालेली बाई सोपी पडते.

आता गठुडी. हे नाव पोरांना धुऊनपुसून ठेवणाऱ्या मावशीने ठेवलेलं. पोरगी कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसायची, उकाड्यातही लांब बाह्यांचा फ्रॉक, हाक मारली की आणखी आवळून बसायची. तिची आई इस्त्रीवर, बाप गेटवर. गेटवाला म्हणजे कारखान्याचा लाडका. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या गालाला हात लावणार, बायकांना "या वहिनी" म्हणणार, मालकिणीच्या गाडीला असा सलाम ठोकणार की गाडीलाच लाजल्यासारखं व्हावं.

सगळ्यांच्या वस्तू आल्या, गठुडीची येईना. बाई तिच्यामागे लागल्या. "अगं, घरात काहीच नाही का? जे रोज वापरतात ते आण."

मंगळवारी तिने आणला. दप्तरातून वळकटी काढावी तसा पट्टा काढला. बापाच्या गणवेशाचा, रुंद, पितळी बकलाचा. बकलावर चौकोनात एक तिरपा दांडा, आणि चौकोनाचा एक कोपरा उडालेला. बाई हरखल्या. असा कोरीव ठसा पेटीत दुसरा नव्हता. गठुडीने बक्कल स्पंजावर दाबलं, चादरीवर ठेवलं, थांबली, उचललं. एकही ठसा फरकटला नाही. बाकीची पोरं धसमुसळी. ही मात्र पट्टा कुठे धरायचा ते जन्मापासून माहीत असल्यासारखी.

"बाई, पेटीतलं पेटीत ना?" तिने विचारलं. एवढं लांब वाक्य ती पहिल्यांदाच बोलली होती.

"हो तर."

"कधीपर्यंत?"

"चादर होईपर्यंत. शनिवारी मालकीणबाई पाहुण्यांना घेऊन येणार आहेत, तोवर."

गठुडीने चादरीकडे पाहिलं. चादर निम्म्याहून जास्त भरली होती. "अजून एक करू या," ती म्हणाली.

"आधी ही तर होऊ दे, बये."

बाईंना वाटलं, पोरीला गोडी लागली. मास्तरकी करणाऱ्याला हेच वाटतं. पोराने तोंड उघडलं की आपल्या शिकवण्याचं कौतुक.

गुरुवारी चादरीचा एक हात तेवढा कोपरा राहिला होता. बाई ताटल्या धुवायला वळल्या आणि मागे धप्पकन आवाज झाला. निळ्या रंगाचा अख्खा डबा चादरीवर पालथा पडला होता आणि बाजूला गठुडी उभी, फ्रॉक निळा, हात निळे. सांडला नव्हता. तिने ओतला होता. पोरांनी पाहिलं होतं.

"हे काय केलंस?"

गठुडीने निळे हात पाठीमागे घेतले.

"सगळ्यांची मेहनत मातीत घातलीस. आता नवी चादर घ्यावी लागेल. जा, कोपऱ्यात उभी राहा, भिंतीकडे तोंड करून."

ती गेली. आणि बाईंना पुढे कित्येक दिवस सलत राहिलं ते हे, की "नवी चादर" हे शब्द ऐकून ती पोरगी जाता जाता हसली होती. बाईंना तो उर्मटपणा वाटला होता.

तेवढ्यात दारात गेटवाला. कमरेला सुतळी बांधलेली.

"बाई, शाळा तुमची झकास, पण माझ्या विजारीचं काय? मालकीणबाई म्हणाल्या, गेटवर माणूस आहे की बुजगावणं."

मावशी खिदळली. बाईही हसल्या. डोकं तापलेलं, जमीन निळी, मालकिणीचं नाव निघालेलं. त्यांनी पेटी उघडली, पट्टा काढला, बक्कल ओल्या फडक्याने पुसलं आणि पट्टा त्याच्या हातात दिला. पिळणीवालीला कंगवा दिला नव्हता. गणवेशाला पट्टा दिला.

"पेटीतलं पेटीत," कोपऱ्यातून आवाज आला. भिंतीकडे तोंड तसंच.

"ऐकलंत?" गेटवाला म्हणाला. "बापाला नियम शिकवते. आईवर गेलीय." त्याने सुतळी सोडून खिशात टाकली, पट्टा आवळला आणि पोरीच्या केसांवरून हात फिरवून गेला. "घरी ये, मग बोलू."

मावशीने गठुडीला मोरीजवळ नेलं आणि फ्रॉक डोक्यावरून ओढला. नवीन गंमत म्हणून पोरं मागे गेली. मावशीचा हात हवेतच राहिला. बोलली ती बोबडी. तिने मान वाकडी केली, डोळे बारीक केले, खेळात करायची तसेच, आणि आनंदाने सांगितलं, "बाई, ओलखलं. पट्टा. कोपला तुतलेला. चादलीवल आहे तश्शाच."

बरोबर ओळखलं होतं. म्हणून सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

बाई आल्या तेव्हा टाळ्या चालूच होत्या. पाठीवर, दंडावर, कमरेवर. काही पिवळे पडलेले, काही जांभळे. शेजारी शेजारी, पुन्हा पुन्हा.

बाईंनी स्वतःचा पदर तिच्याभोवती गुंडाळला आणि पोरांना म्हणाल्या, "पुरे." टाळ्या थांबेनात, म्हणून पुन्हा म्हणाल्या.

पोरीला मावशीकडे देऊन त्या मालकिणीकडे गेल्या आणि पाहिलेलं सांगितलं. मालकीण चष्मा पुसत होती. "वाईट आहे हो. पण नवरा-बायकोच्या घरातलं आपण काय बोलणार? आणि माणूस गेटवर चोख आहे. शनिवारची चादर होईल ना?" एवढंच. असल्या बाईला लोक दयाळू म्हणतात, कारण तिने पोरांना खोली दिली. खोली दिली नसती तर अर्ध्या बायका कामावर आल्या नसत्या, हे कुणी म्हणत नाही.

मग बाई इस्त्रीखात्यात गेल्या. गठुडीची आई वाफेत उभी होती. मानेपर्यंत बटणं लावलेली.

"पट्टा घेऊन गेला तो," बाई म्हणाल्या.

तिची इस्त्री थांबली. "कुणी दिला?"

"मी."

"तुम्ही?" ती बराच वेळ बाईंकडे बघत राहिली. रागाने नाही. भाव उतरलेल्या वस्तूकडे बघावं तसं. "मीच घातला होता तिच्या दप्तरात. मी फेकला असता तर माझ्यावर आलं असतं. शाळेने मागितला म्हटलं की शाळेचं नाव. बायका म्हणत होत्या, त्या बाईच्या पेटीतून देवालाही काही परत मिळायचं नाही. पोरगी दोन रात्री पालथी न होता झोपली, बाई."

चादरीला करपल्याचा वास यायला लागला. तिने इस्त्री उचलली.

संध्याकाळी भोंगा झाला. पाळी सुटून बायका गेटकडे निघाल्या, तर वाटेत मधोमध बाई उभ्या.

"पट्टा द्या," त्या गेटवाल्याला म्हणाल्या. "चादर झाली नाही. पेटीतला आहे."

तो हसला. "उद्या घ्या की."

"आत्ता."

मागून पिळणीवाली पुढे आली. "माझा कंगवा अडकवून ठेवला ना? मग याचा पट्टा काय सोन्याचा? सोड रे. आम्ही काय बघणार आहोत, सुतळी आहे की तुझी."

बायका हसल्या. एक हसली की दुसरी, असं हसू गेटभर झालं. गेटवाला लाल झाला. पण माणसांत चांगलं दिसायची खोड त्याला नडली. त्याने पट्टा काढून बाईंच्या हातावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने विजार धरली. त्यावर तर हसू फुटलंच. फक्त दोघी हसल्या नाहीत. गठुडी आणि तिची आई खाली बघत त्याच्यामागून घरी गेल्या.

बाई पट्टा घेऊन घरी आल्या आणि जिंकल्यासारख्या जेवल्या. ही त्यांची खरी चूक. पट्टा दिला ती नव्हे. सगळ्यांसमोर ज्याची विजार सुटली तो ती लाज कुणाच्या अंगावर उतरवणार, एवढा हिशेब त्यांना जमला नाही.

शुक्रवारी गठुडी आली. डावा हात छातीशी धरलेला. नवी चादर अंथरली होती, पट्टा पेटीत होता. तिने पेटी उघडून तो आहे ना ते बघितलं आणि कोपऱ्यात जाऊन बसली.

बोबडी तिच्याजवळ गेली, बाही वर सरकवली आणि वाकून बघायला लागली. खूप वेळ बघितलं. मान इकडे केली, तिकडे केली. मग पेटीशी जाऊन एकेक वस्तू उचलून पाहिली. रीळ, झाकण, कंगवा, चपलेचा तळ.

"बाई," ती हिरमुसून म्हणाली, "हे ओलखता येत नाही. हे आपल्या पेतीत नाही."

बाई खाली बसल्या. "कशाने गं?"

गठुडीने विचार केला. उत्तर बरोबर यावं म्हणून केला. "ते आणता येत नाही, बाई. पेटीत मावत नाही."

बाईंना तेव्हा कळलं. काल पट्टा, आज आणखी काही, उद्या दरवाजा, जमीन, भिंत. घरातल्या एकेक वस्तू आणून पेटीत भरल्या तरी घर रिकामं होईल, तो उरेल. ठसा वस्तूचा नसतोच. तिला धरणाऱ्या हाताचा असतो, आणि तो हात सकाळ-संध्याकाळ सगळ्यांना सलाम ठोकतो.

त्यांनी पोरं मावशीवर सोडली, गठुडीचा उजवा हात धरला आणि इस्त्रीखात्यातून चालत गेल्या. आईने दोघींकडे पाहिलं. इस्त्री उभी केली, बटण बंद केलं, हात पुसले आणि मागे निघाली.

गेटला छोटा दिंडी दरवाजा होता. कमरेला सुतळी बांधून तो दारात उभा.

"कुठे?"

"पोलीस चौकीत," बाई म्हणाल्या.

"कामाच्या वेळात बाहेर जायचं तर मालकीणबाईंना विचारावं लागतं. नियम आहे, बाई. तुम्हाला तर नियम आवडतात." तो हसत होता. मग बायकोकडे वळून हळूच म्हणाला, "विचार कर. परत इथूनच यायचंय."

वर इस्त्रीखात्याच्या खिडकीत बायका आल्या होत्या. पिळणीवाली बादली हातात धरून अंगणात थांबली. आज कुणी हसत नव्हतं. गेटवाल्याने वर पाहिलं, एकीला ओळखीचं हसून दाखवलं. ते हसू कुणी घेतलं नाही.

आईने पुढे होऊन कडी स्वतःच काढली. त्याचा हात कडीवरच होता, तिने तो बाजूला केला, चादरीवरची घडी सारखी करावी तसा.

बाहेर रस्त्यावर ऊन होतं. गठुडी मधे, दुखरा हात छातीशी. चार पावलं गेल्यावर बाई थांबल्या. चौकीची वाट त्यांना माहीत नव्हती. निघायच्या घाईत विचारायचं राहूनच गेलं होतं.

"डावीकडे," आई म्हणाली. "मी दोनदा जाऊन आलेय."