सुरई पोचेपर्यंत

मुलीच्या मंगलस्नानाला दोन दिवस उरले आणि पोनिराच्या सायकलचं मागचं चाक तिसऱ्यांदा वाकलं. नवरीला नाहू घातलं की तिला सासरी मोकळं करायला आईने सुरई आपटून फोडायची असते, मात्र त्याआधी तिला केसाएवढा तडाही चालत नाही. पोनिरा हाडाची कुंभारीण. चार सुरया तिने स्वतः घडवल्या होत्या आणि त्यातल्या तीन या चाकाने खाल्ल्या. उरली एकच. नवी घडवावी तर माती वाळायलाच आठवडा जातो. सोहळा होता दहा किलोमीटरवर, शहरात, तिच्या बहिणीच्या अंगणात.

चाक बांधणाऱ्या पाक दार्सोंनी चाकाकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. सगळे स्पोक मधल्या हबपासून रिमपर्यंत सरळ गेलेले. हे कुणाचं डोकं, असं त्यांनी विचारलं. पोनिरा ओशाळून म्हणाली, तिचंच. सूर्याच्या किरणांसारखं छान दिसतं म्हणून तिने दुसऱ्या कारागिराकडून हट्टाने तसं बांधून घेतलं होतं.

"म्बोक, अहो बाई, सूर्याला मडकी वाहायची नसतात," पाक दार्सो म्हणाले.

पायडल मारलं की आधी हब फिरू पाहतो, त्यांनी सांगितलं. सरळ स्पोक रिमला ओढू शकत नाही, दर खेपेला हबजवळच्या मानेत वाकतो आणि एक दिवस तुटतो. मग ते बांधायला बसले. अर्धे स्पोक पुढे कललेले, अर्धे मागे. प्रत्येक जण तिघांना ओलांडून जाणारा, तिसऱ्याच्या खालून. शेवटी चाक आडवं ठेवून त्यांनी दोन्ही हातांनी असा भार दिला की ते कडकड वाजलं. पोनिरा पटकन पुढे झाली.

"कुरकुर इथेच करून घेऊ दे त्याला," ते म्हणाले. "मग रस्त्यावर तोंड उघडणार नाही."

तिने चाक उचललं आणि थक्क झाली. सुपाहून थोडंसंच जड. तिच्या धंद्यात ताकद म्हणजे जाडी. इथे तर सगळी हवाच, आणि हवेत छत्तीस तारा. हे तिला आणि मेजवानीसाठी न्यायच्या चाळीस मडक्यांना पेलणार? मडकं पारखतात तशी तिने एका तारेवर टिचकी मारली. मग शेजारच्या, मग पुढच्या. त्या बाजूच्या सगळ्या एकाच सुरात बोलल्या. म्हणजे सगळ्या सारख्याच ताणलेल्या.

दुसऱ्या दिवशी खड्ड्याखड्ड्यांतून जाताना ती तो सूर आठवत राहिली. चाक पायाच्या पहिल्या जोरालाच पुढे निघत होतं. मागे एक मडकंही दुसऱ्यावर आदळलं नाही.

मंगलस्नान झालं. ओल्या केसांची मुलगी समोर उभी राहिली. पोनिराने सुरईवर टिचकी मारली. खणखणीत.

"अख्खी आणली गं तुझ्यापर्यंत," ती म्हणाली. "आता जा."

आणि दहा किलोमीटर जिवापाड जपलेली सुरई तिने दोन्ही हातांनी आपटली.